बाण कुठल्या बाजूला काढायचा?

अन्नसाखळीचा धडा झाला की वह्या तपासताना मला दरवर्षी एकच चूक सापडते. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार ही नावं पोरं बिनचूक लिहितात. बाण मात्र उलटे. घारीकडून सापाकडं, सापाकडून बेडकाकडं. त्यांचं म्हणणंही अगदीच चूक नाही. घार सापावर झडप घालते, मग बाण सापाकडंच जाणार की! मी लाल पेनानं टोक फिरवतो, ‘अन्न ज्याच्या पोटात जातं त्याच्याकडं टोक’ असं सांगतो. पोरं माना डोलावतात आणि चाचणीत पुन्हा उलटे बाण काढतात.

आमची शाळा बार्शी तालुक्यातली, द्विशिक्षकी. तिसरी-चौथी माझ्याकडं एकाच वर्गात. ज्वारी हुरड्यात आली होती तेव्हाची ही गोष्ट. शनिवारी सकाळची शाळा सुटत होती आणि खिचडी करणाऱ्या मावशी हातात पुडी घेऊन आल्या.

“सर, तांदळाच्या पोत्याला पुन्हा भोक पाडलंय बगा. आज रातच्याला ह्यो केक टाकते.”

उंदीर मारायचं औषध. त्यांच्या मागोमाग व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आले. त्यांची तक्रार निराळीच. पोषण आहाराच्या खोलीला लागून आमची जुनी, पडकी खोली आहे. तिच्या झरोक्यातून रोज तिन्हीसांजेला एक पांढरं घुबड बाहेर पडतं.

“गुरुजी, शाळंत घुबड म्हंजी चांगलं न्हवं. लोक बोलायलेत. झरोक्याला पत्रा ठोकून टाकतो.”

एकाला उंदीर नको, दुसऱ्याला घुबड नको. दोघांनाही म्हटलं, सोमवारपर्यंत दम धरा. खरं सांगायचं तर तोपर्यंत माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. नुसतं टाळायचं म्हणून बोललो.

मग ती जुनी खोली उघडून बघितली. घुबड आढ्याला बसलं होतं. पिंपळपानासारखं पांढरंफेक तोंड, काळे डोळे. गव्हाणी घुबड. माझ्याकडं बघून त्यानं लोहाराच्या भात्यासारखा ‘हिस्स’ केला. खाली जमिनीवर पांढऱ्या विष्ठेचे ओघळ आणि त्यात अंगठ्याएवढे काळपट गोळे पडलेले. मी खराट्यानं गोळे पत्र्यावर ओढले, बाहेर आणून दोन दिवस कडक उन्हात ठेवले.

ही विष्ठा नव्हे. घुबड उंदीर चावून खात नाही, अख्खा गिळतं. मांस पचतं, केस आणि हाडं पचत नाहीत, त्यांचा घट्ट गोळा होतो आणि घुबड तो तोंडावाटे ओकून टाकतं. त्याला पेलेट म्हणतात. घारी-ससाणेही असे गोळे टाकतात, पण ते शिकार फाडून खातात आणि त्यांच्या पोटात हाडंही बरीच विरघळतात. घुबडाच्या गोळ्यात मात्र कवटी जशीच्या तशी मिळते.

सोमवारी बाकं भिंतीला सरकवली आणि जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली. कोरोनातले मास्क कपाटात पडून होते, ते वाटले. पोरांच्या हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. गोळे कोमट पाण्यात जंतुनाशक टाकून भिजवले. चिमटे आमच्याकडं कुठले? पोरांनी बांधावरून बाभळीचे काटे आणले. बाभळीच्या काट्याएवढं नेमकं हत्यार मी अजून बघितलेलं नाही.

पहिली पाच मिनिटं ‘शीऽऽ’ चाललं होतं. मग एकीला कवटी लागली आणि वर्ग चिडीचूप झाला.

मेंढरं राखणाऱ्या घरातला एक पोरगा आहे, एरवी पाढ्यांना तोंड लपवणारा. तो हाडं बघून भराभरा बोलायला लागला. ही फरी, हा खुबा, ही मानेची मणकी. माझ्या आधी त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. “सर, ही दोन डोकी येगळी हायती.”

खरंच वेगळी होती. एकीचे पुढचे दात नारिंगी, पटाशीसारखे आणि त्यांच्यामागं बोटभर नाही पण चांगलीच मोकळी जागा, मग दाढा. हा उंदीर. दुसरी कवटी लांबट, निमुळती. दात पांढरे, सुईसारखे टोकदार, ओळीत दाटीनं बसलेले. ही चिचुंद्री. आपण तिला उंदरात धरतो, पण ती उंदराच्या जातकुळीतली नाहीच. तिचं मुख्य खाणं म्हणजे झुरळं, किडे, अळ्या.

अकरा गोळ्यांतून एकतीस कवट्या निघाल्या. उंदीर तेवीस, चिचुंद्र्या सात आणि एक चोचीची, कुठल्याशा लहान पाखराची.

मग फळ्यावर घुबड काढलं आणि म्हटलं, आता मागं मागं जाऊ. उंदीर काय खातो? “आपला तांदूळ!” सगळे एकदम ओरडले. चिचुंद्री? किडे. किडे? पाला. पाखरू? कुणी म्हणालं ज्वारीचे दाणे, कुणी म्हणालं अळ्या. दोन्ही लिहिलं. तांदूळ आम्हीही खातो म्हणून एकीनं ‘आम्ही’ लिहून तिथंही रेघ ओढली. फळा भरला आणि माझी सरळ साखळी कुठं दिसेना.

“सर, ही साखळी न्हाय,” मेंढरवाला म्हणाला, “ही वाघूर हाय.”

वाघूर म्हणजे मेंढरांभोवती रात्री लावायची जाळी. पुस्तकात ‘अन्नजाळे’ असा शब्द आहे. तो मी पंधरा वर्षं शिकवतोय; इतका चपखल बसलेला कधी आठवत नाही. वाघुरीचा एक पीळ तुटला तर काय होतं, असं विचारलं. “एक तुटला तर जाळी धरती, सर. चार तुटले की लांडगा आत.”

रेघांना बाण द्यायचे राहिले होते. चौथीतली एक पोरगी खडू घेऊन उठली आणि सवयीनं घुबडाकडून उंदराकडं टोक काढणार, तेवढ्यात थबकली. तिचं लक्ष खिडकीत ठेवलेल्या मावशींच्या पुडीकडं गेलं होतं.

“सर, मावशीनं केक टाकला तर उंदीर लगीच मरतो?”

पुडीवर ब्रोमॅडिओलोन लिहिलेलं. ह्या औषधानं उंदीर जागच्या जागी मरत नाही. रक्त गोठायचं थांबतं, काही दिवस तो सुस्त होऊन हिंडतो आणि मग मरतो. असा सुस्त उंदीर घुबडाला सगळ्यात आधी सापडतो.

तिनं तांदळावर बोट ठेवलं, तिथून उंदरावर, तिथून घुबडावर नेलं. मग काही न बोलता तिन्हींमध्ये बाण काढले. सगळे बरोबर. विष ज्या वाटेनं जाणार, त्याच वाटेनं अन्न जातं. लाल पेनानं जे मला जमलं नव्हतं ते त्या पुडीनं केलं.

मग गिधाडांचं सांगितलं, कारण ह्या पोरांनी गिधाड बघितलेलंच नाही. त्यांना कुणी विष घातलं नव्हतं. आजारी जनावरांना दुखणं थांबावं म्हणून डायक्लोफिनॅक देत. ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. तीन जातींची ९५ टक्क्यांहून जास्त गिधाडं अशी गेली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. औषध देणाऱ्याला बाण पुढं कुठवर जातो हे ठाऊक नव्हतं, एवढंच.

मधल्या सुट्टीत अध्यक्ष पत्रा, खिळे आणि हातोडी घेऊन हजर. घुबड मारणं-पकडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, हे मी सांगणारच होतो. गरज पडली नाही. कागदावर मांडलेल्या कवट्यांपुढं ते उकिडवे बसले आणि एक-एक मोजायला लागले. स्वतःची सहा एकर ज्वारी आहे त्यांची.

“ही किती रातीतली?”

“नक्की नाही सांगता येत. एक घुबड दिवसाला एखाद-दुसरा गोळा टाकतं.”

“म्हंजी आठ-धा दिसांतली.” ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “अपशकुन तो अपशकुनच हाय गुरुजी. पर ऱ्हाऊ द्या सुगीपत्तूर.”

पत्रा वाया गेला नाही. तांदळाच्या खोलीच्या दाराखाली चार बोटं फट होती, तिथं तो ठोकला. मावशींनी पुडी दुकानात परत केली, दुकानदारानं पैसे दिले नाहीत म्हणून त्या अजून माझ्यावर रागावलेल्या आहेत. तांदूळ आता झाकणाच्या पिंपात असतो.

दुसऱ्या दिवशी मेंढरवाल्याची वही तपासायला आली. त्यानं पुस्तकातली साखळी लिहिलीच नव्हती. लिहिलं होतं: खिचडी, मी, डास, पाल. तिन्ही बाण नीट. पालीच्या पुढं एक बाण काढून जागा मोकळी सोडलेली. हे काय, असं विचारलं तर म्हणाला, “पालीला कोण खातंय ते आज रातीला बघतो, सर. उद्या लिवतो.”