खिंडीतले तिघे: अक्काचा रंग थंडीनं ठरवला

माझ्या चित्रकथेबद्दलच्या मागच्या नोंदीनंतर दोन महिने गेले. या वेळी दाखवण्यासारखं बरंच आहे. तिन्ही पात्रं आता मांजरं आहेत आणि कोण कुठल्या जातीचं मांजर हे पक्कं झालं, अक्काची मॉडेल शीट (पात्र वेगवेगळ्या कोनांतून कसं दिसतं ते दाखवणारा कागद) रंगवून झाली, मुनीची पेन्सिलीत तयार आहे आणि चिंगीच्या कानांपाशी गाडी अडली आहे.

ज्यांना ही चित्रकथा नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तिघं मिळून बर्फाळ खिंडीतून टपाल पोचवतात. अक्का म्होरकी, तिचा आवाज खणखणीत, अर्धं आयुष्य याच वाटेवर गेलेलं. मुनी धिप्पाड, बोलत नाही म्हणून मुनी. चिंगी सगळ्यांत लहान आणि तिचा हा पहिलाच हिवाळा. तीन वर्षं मी त्यांना माणसं म्हणून काढत आले. मांजरं करायची हे या वर्षी ठरवलं.

पहिली वाटणी मी स्वभावावरून केली होती. अक्का कर्तबगार आणि रुबाबदार, म्हणून मेन कून. मुनी अबोल, म्हणून रशियन ब्लू. चिंगीची बडबड थांबत नाही, म्हणून सयामी. एका संध्याकाळी तिघांचे थंबनेल, म्हणजे छोटे कच्चे आराखडे, काढून झाले आणि बघताक्षणी पटलेही. पण पुढच्या आठवड्यात पानं काढायला बसले तर हात पुढे सरकेना. जात निवडली आणि तिथेच विचार संपला होता. मुनी गप्प आहे हे मला आधीच माहीत होतं. रशियन ब्लूनं त्यात काहीच भर घातली नाही.

मग मी वहीत प्रत्येकासाठी वेगळे प्रश्न लिहिले. याला थंडी कुठे लागते? ओझं अंगावर कुठे येतं? आवाज कुठून निघतो? वय कुठे दिसतं? एखादी जुनी जखम असेल तर ती कशी ओळखायची? या प्रश्नांची उत्तरं घेऊन जाती पाहायला लागले तेव्हा वाटणी पूर्ण उलटीपालटी झाली.

अक्का सयामी झाली, आणि ती फक्त आवाजामुळे नाही, तिच्या रंगामुळे. सयामी मांजराच्या अंगात काळसर रंग तयार करणारं एन्झाइम उष्णतेला टिकत नाही. शरीराचं तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सिअस असतं, तेवढ्या उबेत ते नीट काम करत नाही. म्हणून पोट-पाठ फिकट राहते, आणि जिथे अंग थोडं गार असतं तिथे, म्हणजे कान, नाकाभोवतीचा चेहरा, पाय आणि शेपूट, तिथे रंग धरतो. गार हवेत राहणाऱ्या सयामीचं अंगही हळूहळू गडद होत जातं, आणि वयानुसार तर होतंच. रंगावर तापमानाचा हा परिणाम 1930 सालीच प्रयोगानं दाखवला गेला होता.

हे वाचल्यावर मी पेन्सिल खाली ठेवली. आयुष्यभर खिंडीतून ये-जा केलेल्या बाईचं अंग कसं दिसेल, हे आता मला ठरवायचंच नव्हतं. ते थंडीनं ठरवून दिलं होतं. अक्का तिच्या वयाच्या कुठल्याही घरबशा सयामीपेक्षा गडद असणार. पाठ मळकट तपकिरी, फिकटपणा उरलेला तो फक्त पोटाशी आणि छातीशी, जिथे ऊब टिकून राहते.

जखमेचा प्रश्नही इथेच सुटला. माणूस असताना अक्काच्या डाव्या खांद्यावर व्रण होता. मांजराच्या केसांखाली व्रण दिसणार कसा, यावर मी बरेच दिवस अडून होते. सयामीचे केस एखाद्या ठिकाणी कापले की तिथली कातडी उघडी पडून गार होते आणि नवे केस गडद उगवतात. म्हणजे टाके घालायला खांद्यावरचे केस काढले असतील तर तिथे हाताच्या तळव्याएवढा एक काळपट डाग उमटेल, आणि पुढे केस गळून नवे आले की तो फिका होत जाईल. पहिल्या भागात डाग ठळक, पाचव्या भागापर्यंत जवळपास गेलेला. जखम किती जुनी हे आता एकाही संवादाशिवाय कळेल. माणसाच्या रूपात मला हे कधीच जमलं नसतं.

रंगवताना मात्र तीन कागद वाया गेले. पहिल्या प्रयत्नात चेहऱ्यावरचा गडद भाग कडेला धारदार झाला आणि अक्कानं मुखवटा बांधल्यासारखं दिसायला लागलं. आता पद्धत अशी ठरली आहे: आधी सगळ्या अंगावर रॉ सिएना या पिवळसर तपकिरी रंगाचा अगदी पातळ हात द्यायचा आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. मग कपाळापासून हनुवटीपर्यंतचा भाग स्वच्छ पाण्यानं ओला करायचा, आणि कागदावरची चकाकी जाता जाता बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) यांचं मिश्रण फक्त नाकाच्या शेंड्यावर टेकवायचं. ब्रश फिरवायचा नाही. रंग स्वतःच डोळ्यांकडे सरकतो आणि गालांवर विरतो. असे तीन थर, मधे प्रत्येक वेळी वाळवून. कानांसाठी उलट, कडेकडून तळाकडे. मिशांच्या जागा मास्किंग फ्लुइडनं (रंग लागू न देणारा, नंतर सोलून काढायचा द्रव) आधीच राखल्या होत्या, पण ते घाईनं ओढलं आणि दुसऱ्या कागदाची साल निघाली. आता मिशा शेवटी पांढऱ्या गॉशनं, म्हणजे अपारदर्शक जलरंगानं, एका झटक्यात.

डोळे निळेच. पण कंदिलाच्या प्रसंगात एक गंमत सापडली. अंधारात उजेड पडला की बहुतेक मांजरांचे डोळे हिरवट-पिवळे चमकतात. निळ्या डोळ्यांच्या सयामीचे लालसर चमकतात. रात्रीच्या पानावर तिघं अंधारात उभे असतील तर अक्का कोणती हे दोन ठिपक्यांवरून कळेल.

एक चूक इथे नोंदवायलाच हवी, कारण पुढचं सगळं कथानक तिच्यामुळे बदललं. अक्काच्या लहानपणाचं पान मी पूर्ण रंगवलं होतं: भावंडांच्या घोळक्यात छोटी अक्का, काळं नाक, काळे कान, काळी शेपटी. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की सयामी पिल्लं जन्मतः जवळजवळ पांढरी असतात. आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब, मग रंग धरणार कुठे? तो पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू चढतो. पान रद्द. नवीन पानावर पाच पांढरी पिल्लं काढली आणि त्यातली अक्का कोणती हे मलाच ओळखू येईना. निळ्या डोळ्यांचाही उपयोग नाही, कारण लहानपणी सगळ्याच पिल्लांचे डोळे निळे असतात.

आणि तिथेच गोष्ट सापडली. खिंडीपलीकडे जिला पत्र पोचवायचं आहे तिच्याकडे हेच जुनं चित्र आहे. दारात उभी असलेली गडद अक्का आणि चित्रातलं पांढरं पिल्लू एकच, हे तिनं ओळखायचं कसं? शेपटीवरून. जुन्या सयामींमध्ये शेपटीच्या टोकाला हाड वाकून आकडी पडलेली पुष्कळदा दिसायची. प्रदर्शनासाठी पैदास करणाऱ्यांनी तो दोष मानून बाजूला काढला. माझ्या अक्काला ती आकडी जन्मापासून आहे. आता पहिल्या पानापासून तिची शेपटी काढताना मी टोक नेहमी दिसेल असंच ठेवते, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही. याच कारणासाठी डोकंही जुन्या पद्धतीचं, गोलसर ठेवलं आहे. आजच्या प्रदर्शनातलं निमुळतं, पाचरीसारखं तोंड माझ्या अक्काला शोभत नाही.

मुनीला मेन कून दिलं. एवढं थोराड जनावर, पण आवाज बारीक. मेन कून म्याव करण्यापेक्षा घशातल्या घशात छोटे चिवचिवते, थरथरते सूर काढतं. मुनी गप्प आहे असं मी तीन वर्षं धरून चालले होते. तो गप्प नाही, त्याचा आवाज त्याच्या देहाला न शोभणारा आहे आणि म्हणून तो जपून वापरतो, हे मला त्याचं तोंड काढताना कळलं. शिवाय ही जात सावकाश वाढते, पूर्ण अंग भरायला तीन-चार वर्षं लागतात. म्हणून आधीच्या काळातल्या प्रसंगांत मुनी लांब पायांचा, हडकुळा काढला आहे.

केसांबाबत एकच गोष्ट सांगते, कारण सुरुवातीला मीही तिथेच अडखळले. लांब केसांचं मांजर म्हणजे सगळीकडे सारखे लांब केस नव्हेत. मेन कूनच्या खांद्यावर केस आखूड असतात, मागे आणि पोटाकडे लांब होत जातात, मागच्या मांड्यांवर लोंबतात. मानेभोवती आयाळ, बोटांच्या मधून झुपके. खांद्यावर आखूड ठेवले की आतलं हाड दिसतं आणि वजन जाणवतं. सगळीकडे फुलवले की उशी होते.

मुनीचा माझा सर्वांत आवडता बारकावा त्याच्या मनगटात आहे. मांजराच्या पुढच्या पायावर, आतल्या बाजूला, मनगटाच्या जरा वर काही ताठ मिशा असतात. चेहऱ्यावरच्या मिशांसारख्याच त्या स्पर्श ओळखतात, पकडलेलं भक्ष्य हलतंय का ते त्यांना कळतं. बहुतेक चित्रांत त्या नसतातच. मुनी अंधारात टपालाचा गठ्ठा उलगडतो तेव्हा पत्रांवरून मनगट फिरवतो आणि कागद ओला आहे की कोरडा हे पाहतो. ती एक चौकट मी अकरा वेळा काढली. अकराव्या वेळी पंजा किंचित आत वळवला, नखं मिटलेली ठेवली, आणि त्या चार-पाच केसांची टोकं कागदाला जेमतेम टेकवली. आता ती बरोबर वाटते.

चिंगीसाठी आधी स्कॉटिश फोल्ड डोक्यात होती. मुडपलेले कान, गोल चेहरा, बघताच जीव जडावा. पण कान मुडपणारा तो जीन अंगातल्या सगळ्याच कूर्चेवर परिणाम करतो, सांधे दुखावतो. ज्या पोरीला खिंडीत उड्या मारायच्या आहेत तिला मी जाणूनबुजून दुखरे सांधे देणार नाही. आणि खरं सांगायचं तर कान हा मांजराचा अर्धा चेहरा आहे. तो मुडपलेलाच असेल तर चिंगीचं कुतूहल दाखवायचं कशानं?

शेवटी डेव्हन रेक्स. 1960 साली इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये सापडलेल्या एका कुरळ्या पिल्लापासून ही जात सुरू झाली. केस विरळ, आखूड, लाटांसारखे, कान अवाढव्य. बिनकेसाच्या स्फिंक्समध्ये ज्या जीनमध्ये बदल असतो त्याच जीनमधल्या दुसऱ्या एका बदलामुळे हे केस असे होतात. म्हणजे तिघांत थंडी सर्वांत जास्त लागणार ती हिलाच, आणि पहिलाच हिवाळा असलेल्या पोरीला ते साजतं. मुक्कामाला ती मुनीच्या आयाळीत शिरून बसते. बाहेर दिसतात ते दोन कान.

तिच्या मिशाही आखूड, वळलेल्या, मधेच तुटणाऱ्या. मांजर अरुंद जागेत शिरताना मिशांनी अंदाज घेतं, म्हणून कपारीच्या प्रसंगात चिंगी अडकते. हा प्रसंग आधीपासून होता. आता त्याला कारण मिळालं.

अडचण कानांची. समोरून ठीक, पण पाठमोऱ्या तीन-चतुर्थांश कोनातून ते डोक्याला चिकटवलेले शिंपले वाटतात. आता आधी कवटी पाचरीसारखी काढून घेते, कानाचा बाहेरचा तळ खाली, जवळपास डोळ्याच्या रेषेपर्यंत आणते, आणि कडेला तळाशी असते ती चामडीची छोटी खिशासारखी घडी न विसरता दाखवते. थोडा फरक पडला आहे. समाधान नाही.

तिघांनाही चार पायांवरच ठेवलं आहे, त्यामुळे टपालाच्या पिशव्यांचा पट्टा नव्यानं बसवावा लागला. मांजराचं हासळीचं हाड लहानसं असतं आणि बाकीच्या सांगाड्याला घट्ट जोडलेलं नसतं, म्हणून चालताना खवाटे, म्हणजे खांद्यामागची पसरट हाडं, आळीपाळीनं पाठीच्या वर उचलले जातात. खांद्यावरून टाकलेला पट्टा दोन पावलांत घसरेल. मी तो छातीवरून घेऊन कोपरांच्या मागे आवळला, आणि पिशव्या फासळ्यांवर आल्या. एवढं केल्यावर अक्काची चाल एकदम खरी दिसायला लागली.

सध्या टेबलावर आहे ते चोविसावं पान. वरून दिसणारा बर्फ आणि तिघं एका रांगेत. चालताना मांजराचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावरच पडतो, म्हणून चार पायांची वाट दोन पायांच्या वाटेसारखी दिसते. मुनी पुढे बर्फ फोडतोय, अक्का त्याच्याच ठशांत पाय टाकतेय. मागे चिंगी. मुनीचं पाऊल तिच्यासाठी फार लांब, म्हणून ती एका ठशातून दुसऱ्या ठशात उडी मारत येतेय. ठसे रंगवून झाले, मुनी आणि अक्काही झाले. चिंगी अजून पेन्सिलीतच हवेत आहे, चारही पाय पोटाशी घेतलेली. कान कुठल्या दिशेला वळवायचे ते ठरलं की शाई चढवेन.