एप्रिलमधला टोमॅटो अखेर लाल झाला

मंडळी, पिवळ्या खांद्यांचं कोडं सुटलं! निदान अर्धं तरी. मागचे फोटो आठवत असतील: बूड लालसर, देठाकडे पिवळा पट्टा, कापला की आत पांढरट टणक गर. बऱ्याच जणांनी पोटॅश द्यायला सांगितलं. दिलं. काडीचा फरक नाही.

टोमॅटोला लाल करणारं लायकोपीन साधारण २० ते २५ अंशांत उत्तम तयार होतं. पारा ३०-३२च्या वर गेला की ते जवळपास थांबतं, पण पिवळं-केशरी बीटा-कॅरोटीन बनत राहतं. म्हणून आपली फळं मऊ पडतात आणि तरी नारिंगीच राहतात. आता परभणीच्या गच्चीवर एप्रिलात ३० अंश आणायचे कुठून? परवा दुपारी हवा ४१ होती. तापमापक गन धरली तर पश्चिमेच्या उघड्या फळाचा खांदा ४९, त्याच झाडावर पानाआडचं फळ ४०. म्हणूनच सांगते, उन्हाळ्यात टोमॅटोची पानं खुडू नका.

मग शेडनेट. दुकानदाराने ७५ टक्के ऊन अडवणारं गळ्यात मारलं, 'आपल्याकडं हेच चालतं' म्हणून. ते रोपवाटिकेत चालत असेल. फळं थंड राहिली खरी, पण झाडं प्रकाशासाठी उंच पळाली आणि चव पाणचट झाली. आयोडीनची चाचणीही करून पाहिली: रसात पाणी आणि तांदळाची गार पेज घालून, निळा-काळा रंग टिकेपर्यंत आयोडीनचे थेंब मोजायचे. जितके थेंब जास्त, तितकं क जीवनसत्त्व जास्त. ही चाचणी फक्त तुलनेपुरती. नेटखालच्या रसाला थेंब कमी लागले. पटण्यासारखं आहे, झाड क जीवनसत्त्व साखरेपासून बनवतं आणि साखरेला ऊन लागतं. म्हणजे ऊन जास्त झालं तर लायकोपीन जातं, सावली जास्त झाली तर क जीवनसत्त्व.

गाडी इथंच अडली होती. मग ध्यानात आलं, लाल व्हायला फळाला झाड लागतच नाही! बुडाशी गुलाबी झाक आली की तोडायचं आणि गार जागी पिकवायचं. फ्रिज नको, तिथली थंडी १२ अंशांच्या खाली, रंग तिथंही अडतो. आमच्याकडे गार जागा एकच, कूलरची खोली. सध्याच्या कोरड्या हवेत ती दुपारीही २७-२८ला राहते. टोपलीत एकेरी थर लावून ठेवले. सासूबाई म्हणाल्या, "माणसं उकाड्यात अन् टोमॅटोला कूलर!" पण देठापर्यंत लालभडक फळ कापलं तेव्हा पहिली फोड त्यांनीच उचलली. गोडी झाडावर पिकलेल्या हिवाळी फळाची नाही, हे कबूल. रंगाला मात्र तोड नाही.

बाकी माळवं: पालकाला तुरा आला, उपटला. काकडी कडू व्हायला लागली, ताण बसला की कुकुरबिटासिन हे कडू द्रव्य वाढणारच. पाणी आता सकाळ-संध्याकाळ विभागून देते. परभणी क्रांती भेंडी मजेत आहे, फक्त रोज तोडावी लागते, नाहीतर जून होते.

७५चं नेट काढून ५०चं बांधायचं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता वाटतंय, डोक्यावर नेट कशाला? त्रास तर दुपारनंतरच्या पश्चिमेच्या उन्हाचा. पडद्यासारखं फक्त त्या बाजूला सोडलं तर सकाळचं ऊन वाया जात नाही. उद्या तेच.

आणि लाइट गेली की कूलर बंद, त्याची सोय वेगळी. मोठ्या गाडग्यात लहान गाडगं, मध्ये ओली वाळू, वर नुसतं सुती फडकं, कारण दमट कोंडलं तर बुरशी. कुणी करून पाहिलं असेल तर आत किती अंश मिळाले ते लिहा, म्हणजे कुंभाराकडे केवढं गाडगं मागायचं ते ठरवता येईल.