आजोबांच्या पेटीतला पश्चिम खानदेश

आज शिंदखेड्याच्या जुन्या घरी आजोबांची पत्र्याची पेटी उघडली. जमिनीच्या एका कागदावर ‘जिल्हा पश्चिम खानदेश’ छापलेलं दिसलं आणि दुपारभर त्यातच रमलो.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली, खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन ब्रिग्जने मुख्य ठाणं धुळ्याला केलं. नवापूरच्या जंगलापासून पार रावेरपर्यंत एकच जिल्हा, एकच कलेक्टर! उत्तरेला सातपुडा, मधून पश्चिमेकडे धावणारी तापी. एवढा मुलूख धुळ्यात बसून कसा हाकत असतील? (पावसाळ्यात तापीपलीकडच्या शहादा-तळोद्याला पोचणं काय असेल, विचार करा.) डोंगरातल्या भिल्लांनी ही सत्ता सहज मानली नाही. १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभारली, ती त्यामुळेच. पुढे १९०६ मध्ये जिल्हा फोडला. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे.

मला मात्र खरा अभिमान वाटतो आमच्या पांझरा नदीकाठच्या फडांचा, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या शेतांच्या गटांचा. बंधाऱ्याचं पाणी पाटाने यायचं, पाटकरी ते फडाफडाने फिरवायचा, आणि कोणत्या फडात कोणतं पीक हे शेतकरी मिळून ठरवायचे. ही व्यवस्था इंग्रजांच्या आधीपासूनची आहे. शाळेत आम्हाला कलेक्टरांची नावं शिकवली, फड कुणीच दाखवला नाही. पोरांना तो दाखवायलाच हवा.

कुणाच्या घरी असे जुने कागद असतील तर फोटो टाका.