तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे अरब देश आणि एवढासा इस्रायल

पश्चिम आशियाच्या इतिहासावर कुठेही बोललो की शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, एवढे अरब देश एकत्र येऊनही इस्रायलपुढे का हरले?" विचारणाऱ्याकडे बहुतेकदा उत्तरही तयार असतं. कुणी म्हणतं अमेरिकेचा हात होता, कुणी म्हणतं अरबांना लढताच येत नाही. पहिल्यात काही तथ्य आहे, पण १९६७ साली इस्रायलची मिराज विमानं फ्रेंच बनावटीची होती. दुसरं उत्तर मला मनापासून खटकतं, कारण ते साफ खोटं आहे.

आकड्यांचंही तसंच. १९४८ मध्ये पाच देशांच्या फौजा चालून आल्या खऱ्या, पण ते वर्ष संपेपर्यंत रणांगणावर इस्रायली सैनिकच जास्त होते. शिवाय पाचांची तोंडं पाच दिशांना. ट्रान्सजॉर्डनच्या (आजच्या जॉर्डनच्या) राजे अब्दुल्लांना जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा (वेस्ट बँक) हवा होता आणि तो त्यांना मिळू नये, असं इजिप्तला वाटत होतं. तरीही त्याच अब्दुल्लांच्या सैन्याने, म्हणजे अरब लीजनने, जेरुसलेमच्या वाटेवरच्या लात्रूनला इस्रायलचे हल्ले पुन्हा पुन्हा परतवून लावले.

माझ्या मते मूळ दुखणं वेगळंच आहे: राज्यकर्त्यांना शत्रूइतकीच आपल्या सैन्याची धास्ती होती. सीरियात १९४९ या एका वर्षात तीन लष्करी उठाव झाले. इजिप्तचे नेते नासरही १९५२ च्या उठावातूनच सत्तेवर आले. अशा राज्यात सेनापती निवडताना आधी निष्ठा पाहिली जाते, कुवत नंतर. नासर यांनी आपले जिवलग मित्र अब्देल हकीम आमेर यांना मेजरचे एकदम मेजर जनरल केलं आणि सगळं सैन्य त्यांच्या हाती दिलं.

त्याचं फळ ५ जून १९६७ च्या सकाळी मिळालं. कैरोत पावणेनऊ वाजले होते. पहाटेची गस्त संपवून इजिप्तची विमानं उतरली होती, अधिकारी अजून कामावर पोचायचे होते. आमेर स्वतः विमानाने इस्रायलला लागून असलेल्या सिनाई द्वीपकल्पाकडे निघालेले. त्यांच्या विमानावर चुकून मारा होऊ नये म्हणून विमानविरोधी तोफांना आवर घातलेला. इस्रायली विमानं भूमध्य समुद्रावरून अगदी खालून आली. आधी धावपट्ट्या फोडल्या, मग उघड्यावर उभी असलेली विमानं टिपली. परतलेलं विमान इंधन आणि दारूगोळा भरून दहाएक मिनिटांत पुन्हा उडत होतं. ही सवय त्यांच्या तंत्रज्ञांनी महिनोन्‌महिने सराव करून अंगी बाणवली होती. त्या युद्धात इजिप्तने सुमारे ३०० विमानं गमावली, त्यातली बहुतेक या पहिल्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी आमेर यांनी सिनाईतून माघारीचा हुकूम दिला. कोणी आधी निघायचं, कोणी मागे थांबून लढायचं, काही ठरलेलं नव्हतं.

त्याच गदारोळात साद अल-शाझली नावाचा एक इजिप्शियन अधिकारी आपली तुकडी घेऊन इस्रायलच्या हद्दीत शिरून बसला होता. संपर्क तुटलेला, वर आपलं एकही विमान नाही, तरी त्याने तुकडीतली बहुतेक माणसं सुएझ कालव्यापलीकडे सुखरूप आणली.

१९७३ मध्ये हेच शाझली सेनाप्रमुख होते, आणि इजिप्शियन जवान काय करू शकतो ते ६ ऑक्टोबरला दिसलं. सुएझच्या पूर्व काठावर इस्रायलने उभारलेला वाळूचा प्रचंड बांध पंपांच्या पाण्याने वाहून नेऊन त्यांनी वाटा काढल्या. गाफील इस्रायलचे रणगाडे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं घेऊन बसलेल्या पायदळाने फोडले. पण सोबत लढणाऱ्या सीरियावरचा दाब कमी करायला इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांनी विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या छत्राबाहेर पडून हल्ला करायला लावलं. शाझलींनी विरोध केला, तो मानला गेला नाही. १४ ऑक्टोबरच्या त्या एका दिवसात इजिप्तचे अडीचशेच्या आसपास रणगाडे गेले. पुढच्याच रात्री इस्रायली सेनानी शॅरॉन यांचे सैनिक कालवा ओलांडून पश्चिमेला उतरले. त्यांना थोपवायला पूर्वेकडचं सैन्य मागे घ्या, हा शाझलींचा आग्रहही सादात यांनी फेटाळला.

युद्धानंतर इस्रायलने गाफीलपणाची चौकशी करायला आयोग नेमला; सेनाप्रमुख एलाझार यांना जावं लागलं, पाठोपाठ पंतप्रधान गोल्डा मेयरही गेल्या. शाझलींनाही पदावरून दूर केलं. पुढे त्यांनी आपल्या आठवणींत या निर्णयांची चिरफाड केली, तेव्हा लष्करी गुपितं फोडल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. १९९२ मध्ये ते परदेशातून मायदेशी परतले आणि सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं.