तुम्ही विचारलंत म्हणून: अँटिबायोटिकने जंतू मरतात, मग आपल्या पेशी का नाही मरत?

बारावीला बायॉलॉजी शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मुलं विचारतातच, पण त्यांचे आईबाबासुद्धा विचारतात, की अझिथ्रोमायसिन जंतूंचं प्रोटीन बनवणं बंद पाडतं म्हणता, प्रोटीन तर आपल्या पेशीही बनवतात, मग आपलं कसं काय चालू राहतं?

पुस्तकातलं उत्तर असं की प्रोटीन बनवतो रायबोसोम, बॅक्टेरियात तो ७०एस, आपल्या पेशीत ८०एस. मुलं एवढं पाठ करतात नि पुढे जातात. (५० आणि ३० चे दोन भाग मिळून ७० कसे, तर एस हे वजन नाहीच, सेंट्रिफ्यूजमध्ये कण किती वेगाने तळाला जातो त्याचं माप आहे, त्यात आकारही येतो, म्हणून बेरीज जुळत नाही. आपल्याकडचे ६० आणि ४० तसेच.)

पण औषध अडतं ते साइजवर नाही! अझिथ्रोमायसिन रायबोसोमच्या मोठ्या भागातल्या बोगद्यात, अगदी तोंडाजवळ बसतं, जिथून नवीन प्रोटीन बाहेर सरकत असतं. रायबोसोम मुख्यतः आरएनएचा, म्हणजे ए, जी, सी, यू या चार अक्षरांच्या साखळीचा बनलेला असतो; तिथे बॅक्टेरियाच्या आरएनएत २०५८ नंबरला ए असतो, आपल्याकडे त्याच जागी जी. जीवर एक जादा अमिनो ग्रुप असतो, तो मध्ये येतो आणि औषधाला नीट बसताच येत नाही. बस, एका अक्षराचा फरक. आणि काही बॅक्टेरिया नेमकं हेच अक्षर बदलून घेतात किंवा त्यावर मिथाइल ग्रुप चिकटवतात, की झाले रेझिस्टंट, म्हणजे औषध त्यांच्यावर चालेनासं होतं. हे मला दरवर्षी शिकवताना तितकंच थक्क करतं. या जागा अणूअणूपर्यंत दाखवणाऱ्या वेंकी रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि एडा योनाथ यांना २००९ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, आणि वेंकींची बीएस्सी बडोद्याची, तीही फिजिक्सची, हे मुलांना मी आवर्जून सांगते.

तरी ८०एस हे अर्धंच उत्तर, कारण आपल्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांत) वेगळे रायबोसोम असतात, ५५एस, मूळचे बॅक्टेरियाच्या घराण्यातले. क्लोरॅम्फेनिकॉल हे दुसरं अँटिबायोटिक त्यांनाही अडवतं, म्हणून त्याने बोन मॅरोवर परिणाम होऊ शकतो. आणि काही लोकांच्या मायटोकॉन्ड्रियातल्या रायबोसोमच्या आरएनएत १५५५ नंबरला एच्या जागी जी असतो, त्याने ती जागा बॅक्टेरियासारखी होते आणि जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन या अँटिबायोटिकच्या इंजेक्शनने कायमचं ऐकू येईनासं होऊ शकतं. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात, म्हणून हा बदलही तिच्याकडूनच येतो, त्यामुळे आईच्या बाजूला कोणाला असं झालं असेल तर इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना नक्की सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.