थांबण्याची सोय

कोथरूडच्या ज्येष्ठ नागरिक संघांत ‘साठीनंतरचे सक्रिय जीवन’ या विषयाला मरण नाही, आणि बोलणारे बहुतेक जण माझ्यासारखेच पेन्शनर असल्यामुळे रिकामा वेळ हीच म्हातारपणाची मुख्य अडचण आहे, असे सगळेच गृहीत धरतात. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींनी साठी कधीच ओलांडली आहे. गुडघा दुखतो म्हणून त्या ओट्याला कंबर टेकून लाटतात, तव्यावरची पोळी फुगेपर्यंत भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतात आणि इथून घरी जाऊन नातवंडांचे पाहतात. त्यांना ‘सक्रिय’ म्हणून शाबासकी देणे मला अवघड वाटते.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय वृद्ध स्त्रियांविषयी वाचताना हेच जाणवले. तिथे 1935 साली सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला, पण शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले. या स्त्रिया प्रामुख्याने याच दोन कामांत असल्याने वार्धक्यवेतनाचा हक्क त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. 1950 च्या दुरुस्तीने नियमित घरकाम करणाऱ्या त्यात आल्या खऱ्या, परंतु मालकिणीने नोंद केली तरच. सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेची नोकरी नागरी हक्कांच्या संघटनेचे सदस्यत्व न सोडल्यामुळे 1956 मध्ये गेली आणि निवृत्तिवेतनही बुडाले. मतदार म्हणून नाव नोंदवता यावे यासाठी प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवण्याचे काम त्यांनी पुढेही चालू ठेवले आणि सत्तरी उलटल्यावर त्या चार्ल्स्टनच्या शाळा-मंडळावर निवडून आल्या. त्यांच्या कर्तबगारीचे कौतुक मलाही आहे. मात्र ते करताना बुडालेल्या पैशांचा उल्लेख गाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

पुण्यातील मोलकरणींनी 1980 साली संप केला, संघटना बांधली. 2008 मध्ये राज्यात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदाही झाला. त्या मंडळातील नोंदणी साठ वर्षांपर्यंतच. म्हणजे खरी गरज सुरू होते तिथेच वही मिटते! मावशींच्या नावे दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकावी, असे मी त्यांच्या इतर घरी सुचवले. काहींनी लगेच होकार दिला. एका घरी मात्र विचारणा झाली, “अहो, अजून चांगल्या धडधाकट आहेत की, आत्तापासून कशाला?”