टॉवरच्या लहरींवर केळीतला सेन्सर चालेल का?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल भागात मोबाइल टॉवर बऱ्याचदा केळीच्या शिवारातच उभा असतो. मग त्याच्या लहरींतूनच वीज घेता येत असेल, तर ओलावा मोजणाऱ्या सेन्सरला बॅटरी कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. उत्तरासाठी हिशोब मांडावा लागतो.

900 मेगाहर्ट्झवर 20 वॅटचा ट्रान्समीटर आणि 17 डीबी गेनचा (म्हणजे एका दिशेला सुमारे पन्नासपट जोर देणारा) अँटेना धरा. 500 मीटरवर, मध्ये काही आडवं नसताना, साध्या डायपोलला (दोन दांड्यांच्या अँटेनाला) जेमतेम साडेचार मायक्रोवॅट मिळतात. एवढ्याशा सिग्नलवर लहरींची डीसी वीज करणारा शॉटकी डायोडही नीट चालत नाही. डीसी हाती येतो तो 1 मायक्रोवॅटच्या आत. इकडे सेन्सर चालवणारी चिप, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, स्लीपमध्ये (झोपेत) 3 व्होल्टवर 2 मायक्रोॲम्प घेतो, म्हणजे 6 मायक्रोवॅट. सेन्सरनं काही मोजायच्या आधीच खातं तोट्यात! वीज साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरची गळती वेगळी, आणि मे महिन्यात ती वाढते. मृगबागेची पाण्यानं भरलेली पानं सिग्नल खातात ते आणखी निराळं. टॉवरच्या बुडाशी जाऊनही भागत नाही, कारण मुख्य बीम डोक्यावरून जातो.

शेतात सरळ 1 वॅटचं सोलर पॅनल पानांच्या वर, खांबावर लावा. वीज साठवायला सेल मात्र लिथियम आयर्न फॉस्फेटचा घ्या. साधा लिथियम-आयन 45 अंशांपुढे चार्ज करू नये, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात बंद डबी त्याच्या वर सहज जाते.

वायरलेस पॉवर खरी कामाची आहे ती केळी पिकवायच्या बंद चेंबरमध्ये. तिथं ऊन नाही, क्रेट सतत हलतात, वायर टिकत नाही. 866 मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात 1 वॅटचा ट्रान्समीटर, 6 डीबीचा अँटेना: 3 मीटरवर अर्धा मिलिवॅट, 10 मीटरवर 50 मायक्रोवॅटच्या आत. ब्लूटूथ लो एनर्जीच्या (कमी विजेवर चालणाऱ्या ब्लूटूथच्या) एका पॅकेटला शंभरेक मायक्रोज्यूल लागतात, त्यामुळे मिनिटाला तापमानाची एक नोंद आरामात पाठवता येते. साठवणीला 220 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर ठेवा; 100 कागदावर पुरतात, पण सिरॅमिक कपॅसिटर व्होल्टेज चढलं की क्षमता गमावतो.

खरी डोकेदुखी पत्र्याच्या भिंतींची. परावर्तनामुळे दर 17 सेंटीमीटरला एक मृत जागा, म्हणजे जिथं सिग्नल जवळजवळ मिळत नाही अशी जागा, तयार होते. सेन्सर बंद पडला तर डायोड बदलण्याआधी तो 8-9 सेंटीमीटर सरकवून बघा. भरलेल्या क्रेटच्या मागे तो ठेवूच नका, केळ्यातलं पाणी लहर पुढे जाऊ देत नाही. आणि जागा ठरवताना व्होल्टेज लोड लावूनच मोजा. नुसत्या मल्टिमीटरवर 2 व्होल्ट दिसतात आणि सर्किट जोडलं की ते कोसळतात.